होकार ते बेड: साडेसहा तास आणि त्याआधीचे सत्तर दिवस

पुलाखाली राहणारा चाळिशीतला पुरुष. रस्त्यावर सहा वर्षं झालेली. हेरॉइन आधी पन्नीवर ओढायचा, गेली दोन वर्षं टोचून घेतो, दिवसातून तीनदा. संध्याकाळनंतर दारू, मिळाल्या तर झोपेच्या गोळ्या. डाव्या घोट्याच्या वर न भरणारी जखम. सोबत एक कुत्री. चार वर्षांपूर्वी एकदा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला होता आणि तिसऱ्या दिवशी निघून आला होता. रस्त्यावर जाऊन भेटणाऱ्या आउटरीच पथकाची पहिली भेट झाली तो दिवस १ धरला, तर दिवस ७१ ला दुपारी तो रुग्णालयाच्या बेडवर होता.

हा कुणी एक माणूस नाही. या कामात पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रसंग एका माणसाभोवती बांधले आहेत. वेळा, मात्रा आणि अडचणी मात्र कामात असतात तशाच ठेवल्या आहेत. पथक दोघांचं: एक नर्स आणि एक स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला कार्यकर्ता.

बेडच का हवा होता

नुसतं हेरॉइन असतं तर दाखल करायची गरज नव्हती. हेरॉइनच्या व्यसनावरचं औषध, ब्युप्रेनॉर्फिन, बाह्यरुग्ण विभागात, अगदी इमर्जन्सीतही सुरू करता येतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इमर्जन्सीत आलेल्या, ओपिऑइडचं (हेरॉइन आणि त्याच्या जातीच्या द्रव्यांचं) व्यसन असलेल्या ३२९ रुग्णांचे तीन गट केले होते. नुसता पत्ता देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्के लोक ३० दिवसांनी उपचारात होते, थोडं समुपदेशन करून पाठवलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि तिथल्या तिथे ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून दिलेल्यांपैकी ७८ टक्के. ‘अमुक ठिकाणी जा’ म्हणणं आणि औषध हातात देणं यात एवढं अंतर आहे.

दारूने हे गणित बिघडवलं. रोजची सुमारे ४०० मिलिलिटर, ४० टक्क्यांची. म्हणजे १६० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण १२५ ग्रॅम; दहा ग्रॅमचा एक पेग धरला तर बारा-तेरा पेग. हेरॉइनची टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, माणसाला नको जीव करून सोडते, पण एरवी धडधाकट माणसाला ती सहसा मारत नाही. दारूची मारू शकते. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, धडधड घेऊन डिलिरियम ट्रेमेन्स येऊ शकतो. झोपेच्या गोळ्या एकदम थांबल्या की फिटचा धोका आणखी वाढतो. शिवाय ब्युप्रेनॉर्फिन, दारू आणि या गोळ्या, तिन्ही श्वास मंदावणारी. असा माणूस पुलाखाली औषधावर घालायचा नसतो. पहिले पाच-सात दिवस नर्सची नजर लागते.

रस्त्यावर काम करणारे हौशी लोक इथेच एक चूक हमखास करतात. ‘दादा, आजपासून दारू बंद’ असं वचन घेतात. रोज बारा पेग पिणाऱ्याने ते वचन खरंच पाळलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते आणि जवळ कुणी नसतं. बेड मिळेपर्यंत या माणसाला पथकाने दारू सोडायला कधीच सांगितलं नाही. एकदम बंद करू नका, आणि दारूच्या रात्री सुई टाळा, एवढंच सांगितलं.

पहिले तीन आठवडे

दिवस १, सकाळी सहा. तो झोपलेला. नवख्या कार्यकर्त्याने खांद्याला हात लावून उठवलं. तो दचकून उठला, कुत्री अंगावर आली, शिव्या पडल्या, भेट संपली. रस्त्यावर झोपणाऱ्याला झोपेत हात लागतो तो बहुतेक वेळा चोराचा किंवा लाथ मारणाऱ्याचा. उठवायचंच असेल तर पायांच्या बाजूला, दोन-तीन मीटर लांब उभं राहून हाक मारायची, आपण कोण ते सांगायचं आणि थांबायचं. हालचाल नसेल, श्वास घोरल्यासारखा किंवा मिनिटाला दहाच्या खाली असेल, ओठ निळसर असतील, तर मात्र हात लावायचाच. ती झोप नाही, ओव्हरडोस आहे.

पुढच्या भेटी मंगळवार आणि शुक्रवार ठरल्या. पंधरा मिनिटं, तीच दोन माणसं, तीच जागा. वार पाळणं हे निम्मं काम आहे. ज्याला आयुष्यात कुणी दिलेली वेळ पाळलेली नाही, तो आधी तुमचं घड्याळ तपासतो, मग तुमचं बोलणं ऐकतो. पथकाने तिसऱ्या आठवड्यात एक शुक्रवार बैठकीपायी चुकवला. पुढच्या मंगळवारी तो पाठ फिरवून बसला होता.

पिशवीत काय होतं: मोजे, पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, सलाइन, न चिकटणारं ड्रेसिंग आणि पट्ट्या, कंडोम, वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा बंद डबा, हेरॉइनचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचे दोन डोस, मोबाइल चार्ज करायला पॉवरबँक. रोख पैसे नाहीत. पैसे दिले की दुसऱ्या भेटीपासून माणूस पैशासाठी थांबतो आणि तिसरीत आजूबाजूचे दहा जण येतात.

भेटीची वेळ पाचव्या खेपेला सापडली. सकाळी सहाला तो झोपेत, साडेसातला टर्कीच्या तोंडावर: नाक गळतंय, जांभया, अंगावर काटा, नजर रस्त्याकडे. साडेआठच्या सुमाराला पहिली सुई होऊन गेलेली, पेंग उतरलेली, पुढची गरज अजून लांब. नऊ ते दहा हा त्याचा मोकळा तास. हेरॉइन घेणाऱ्याशी बोलायचं ते अशाच तासात. टर्कीत असलेला माणूस ‘हो’ म्हणतो ते सुटका व्हावी म्हणून, पेंगेत असलेला म्हणतो ते तुम्ही जावं म्हणून. फक्त दारू घेणाऱ्याचं उलट: त्याला भल्या पहाटे गाठावं, पहिल्या घोटाआधी, आणि पाच मिनिटांत आटपावं.

नोंदवहीत काय लिहितो यावरून पथक ओळखू येतं. ‘असहकार, प्रेरणा नाही’ असं लिहिलं की पुढचा वाचणारा ते खरं मानून चालतो. या माणसाच्या दिवस ८ ची नोंद अशी होती: ‘बोलला नाही. पाणी घेतलं, मोजे परत केले. डावा पाय टेकत नाही. कुत्रीला आधी पाणी दिलं.’ पुढे जे जे जमलं त्याची सगळी टोकं या चार ओळींत होती.

पाय

मोजे का परत केले ते दिवस १५ ला कळलं. पाय सुजलेला, बुटात मोजा मावत नव्हता. नर्सने विचारलं, ‘दादा, नुसता बघू का? हात नाही लावत.’ त्याने पँट वर केली. पाच सेंटिमीटर बाय तीन, कडा जाड, तळ पिवळट, वास. कागदी टेपने मोजून त्याच्यासमोर वहीत लिहिलं.

इथे व्यसनाबद्दल कुणीही एक शब्द काढला नाही, आणि ते मुद्दाम. अशा जखमेवर चुका ठरलेल्या असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात, त्याने नवी पेशी मरते. कोरडा गॉज बसवतात, तो पुढच्या वेळी निघताना सगळं उखडून काढतो. रोज ड्रेसिंग बदला म्हणतात, जे पुलाखाली होणार नसतं. पथकाने सलाइनने धुऊन, न चिकटणारा थर आणि त्यावर जास्त स्राव शोषणारं पॅड लावलं, जे तीन-चार दिवस टिकतं. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार, शुक्रवार ते मंगळवार. ताप, लालसर पट्टा वर सरकणं, बोट दाबल्यावर कातडीखाली चरचर, दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं: यातलं काहीही आलं तर वाट न बघता इमर्जन्सी, हे त्याला आणि शेजारच्या दोघांना सांगून ठेवलं. टोचून घेणाऱ्याला नुसता ताप आला तरी हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग नाही ना हे बघावं लागतं.

ड्रेसिंगला बारा मिनिटं लागतात. माणूस बारा मिनिटं एका जागी, नजरेला नजर न देता बसतो. बोलणं तिथे होतं. दिवस २५ ला शेजारी कुणीतरी दगावल्याचा विषय निघाला आणि नॅलोक्सोन देता आलं: नाकात एक स्प्रे, कृत्रिम श्वास, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरा, मग कुशीवर वळवणं. औषधाचा अंमल ३० ते ९० मिनिटांचा, हेरॉइन आणि बाकीचे ओपिऑइड त्याहून जास्त टिकू शकतात; म्हणून उठून बसला तरी सोडून जायचं नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोन चालत नाही, हेही सांगितलं. हे त्याने ज्या लक्षाने ऐकलं त्या लक्षाने आतापर्यंत काहीच ऐकलं नव्हतं. दुसऱ्याला वाचवायची वस्तू आपल्या हातात कुणी देतंय, हे त्याला नवीन होतं.

दिवस ३२ ला व्यसनाचा विषय त्यानेच काढला. ‘तिकडं परत नाही जायचं.’ तिकडं म्हणजे ते जुनं केंद्र. कार्यकर्त्याने ‘का?’ विचारलं नाही, ‘तिसऱ्या दिवशी काय झालं?’ असं विचारलं. उत्तरं तीन मिळाली. टर्कीसाठी तिथे साधी वेदनाशामक गोळी सोडून काही देत नव्हते. बिडी बंद होती. आणि तेव्हाचा कुत्रा बाहेर दाराशी बांधून गेला होता, तो परत आल्यावर दिसला नाही. लोक याला ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणतात. तीन अडचणी होत्या, तिन्ही सोडवता येण्यासारख्या.

विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली प्रेरणा-मुलाखतीची पद्धत या कामात वापरतात, तिचा एक तुकडा इथे कामी आला. ‘सोडावंसं किती वाटतं, शून्य ते दहा?’ तो म्हणाला, चार. अडाणी प्रश्न पुढे असा असतो की ‘चारच का, आठ का नाही?’ मग माणूस न सोडण्याची कारणं मोजून दाखवतो आणि स्वतःच ती पक्की करतो. कार्यकर्त्याने विचारलं, ‘चार का? एक का नाही?’ तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘शीर सापडत नाही आता. आणि हिला कोण बघणार?’ हिला म्हणजे कुत्रीला.

पहिला होकार, वाया गेलेला

दिवस ३८, गुरुवार, संध्याकाळ. भेटीचा वार नव्हता. त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून फोन केला. ‘येतो.’ पथकाने रुग्णालयाला विचारलं, सोमवारी बेड मिळेल म्हणाले. पथकाने त्याला सांगितलं, सोमवारी सकाळी नऊला तयार राहा. शनिवारी पुलाखालची जागा रिकामी करण्यात आली. सामान, ड्रेसिंगची पिशवी, ओळखीची कागदपत्रं सगळं गेलं. सोमवारी नऊला तिथे कुणी नव्हतं.

वहीत पहिल्यांदा ‘रुग्णाने संधी गमावली’ असं लिहिलं गेलं. वरिष्ठांनी ते खोडायला लावलं, बरोबर केलं. होकार गुरुवारी संध्याकाळी आला आणि बेड सोमवारी होता. मध्ये साधारण नव्वद तास. दिवसाला तीन सुया म्हटलं तर अकरा वेळा त्याला टर्की आणि पुढची सुई यातून निवड करायची होती, आणि अकराही वेळा आपला गुरुवारचा होकार आठवायचा होता. असा होकार टिकत नाही. तो तासांत मोजायचा असतो. आपल्याकडे बेड केव्हा आहे ते माणसाला सांगत बसण्यापेक्षा, होकार आल्यावर किती तासांत बेड देता येतो हा प्रश्न रुग्णालयाला आधी विचारून ठेवायला हवा होता.

तो बारा दिवस सापडला नाही. शोधायची पद्धत अशी: जुन्या जागेपासून पायी अर्ध्या तासाच्या अंतरातल्या पाण्याच्या आणि आडोशाच्या जागा, इमर्जन्सी, जवळचे तुरुंग आणि पोलीस कोठड्या, शवागार. माणसाचं वर्णन विचारलं की कुणी सांगत नाही. चौकशीचा वास येतो. पथकाने कुत्रीबद्दल विचारलं, तपकिरी, एक कान तुटलेला. दिवस ५० ला सापडली, आणि तिच्यामागे तो. जखम आता सहा बाय साडेतीन.

वीस दिवसांची जुळवाजुळव

दिवस ५० ते ७० या काळात त्याला दाखल व्हायचा आग्रह एकदाही झाला नाही. काम बाकीच्यांवर झालं.

रुग्णालयाशी लेखी ठरलं: पथकाने सकाळी दहाच्या आत फोन केला तर त्याच दिवशी बेड, तोवर इमर्जन्सीच्या निरीक्षण खाटेवर औषध सुरू. वॉर्डची एक ठरावीक नर्स आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण, दोघींचे नंबर. ही दुसरी व्यक्ती ठरवायची राहिली की सगळी व्यवस्था एका माणसाच्या रजेवर लटकते. दाखल करताना लागणारी माहिती आधीच भरून ठेवली: काय घेतो, किती, शेवटी कधी, फिट आली होती का, ॲलर्जी, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का. टीबीची थुंकी तपासणी, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीची चाचणी रस्त्यावरच उरकली. सी पॉझिटिव्ह निघाली. ओळखपत्रासाठी अर्ज झाला आणि नव्या कागदाची प्रत त्याच्या परवानगीने कार्यालयात राहिली, मूळ कागद त्याच्याकडे.

परवानगीच्या कागदावर कुणाला काय सांगायचं ते नावागणिक लिहिलं. रुग्णालयाला सगळं, निवाऱ्याला औषधापुरतं, पोलिसांना काही नाही, घरच्यांना तो स्वतः सांगेल तेव्हा. सही त्या मोकळ्या तासात घेतली आणि पुढच्या भेटीत पुन्हा वाचून दाखवली. पेंगेत घेतलेली सही कायद्याला चालली तरी विश्वासाला चालत नाही.

कुत्रीच्या सोयीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. प्राण्यांच्या निवाऱ्यात ठेवायला तो तयार होईना, मागचा अनुभव. शेवटी पुलाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मावशी तयार झाल्या. पथकाने दर आठवड्याचं खाणं पोचवायचं आणि रेबीजची लस टोचून घ्यायची. मावशींकडे कुत्री आधी एक रात्र राहिली, मग दोन. तो दोन्ही वेळा सकाळी बघून आला. ही तालीम नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बिडीसाठी वॉर्डला सांगून ठेवलं: दिवसाला दहापेक्षा जास्त ओढतो, तर २१ मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच पहिल्या तासात, आणि उठल्यावर अर्ध्या तासात पहिली ओढतो म्हणून तलफेला ४ मिलिग्रॅमचं च्युइंगम. अनेक वॉर्ड हेरॉइनची टर्की सांभाळतात आणि माणूस बिडीपायी गमावतात.

दिवस ७१

मोठं काही घडलं नाही. सकाळी त्याला शीर सापडली नाही. पाऊण तास दोन्ही हात, पाय, हाताची मागची बाजू. रक्त सुईत गोठलं, माल वाया गेला. तो जांघेत टोचायच्या विचारात होता, तिथे शेजारीच मोठी धमनी असते, आणि जांघेतल्या सुईने पाय गमावलेला माणूस त्याने पाहिला होता. पथक नेहमीच्या वेळेच्या थोडं आधी पोचलं.

८.४० — ‘आज चला.’ शेवटची सुई आदल्या रात्री साडेनऊला, म्हणजे अकरा तास. शेवटची दारू अकराच्या सुमाराला. कार्यकर्त्याने ‘नक्की ना?’ विचारलं नाही. असं विचारणं म्हणजे दार उघडून पुन्हा लोटणं.

८.५० — वॉर्डला फोन. ठरलेली नर्स सुट्टीवर, दुसरीने उचलला.

९.१५ — कुत्री मावशींकडे. त्याने तिच्या गळ्यातली दोरी स्वतः बांधली, तीनदा सोडून पुन्हा बांधली. याला वीस मिनिटं गेली आणि ती जाऊ दिली.

९.५० — गाडी. सोबत दोघंही. नुसता पत्ता किंवा गाडीचं भाडं देऊन पाठवणं म्हणजे न पाठवणं.

१०.३० — इमर्जन्सी. नोंदणीच्या खिडकीवर पहिला प्रश्न: राहण्याचा पत्ता? कार्यालयाचा पत्ता दिला, तो आधी ठरवलेला.

११.१५ — दारूच्या विड्रॉवलची, म्हणजे टर्कीची, मोजपट्टी, सीवा, यात दहा लक्षणं आणि जास्तीत जास्त ६७ गुण, त्याचे ११. साधारण ८ ते १० च्या वर औषध लागतं. निरीक्षण खाटेवर दारूची टर्की आवरणारं डायझेपाम १० मिलिग्रॅम, आणि थायमिनचं (ब१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, ग्लुकोजच्या आधी. थायमिनची कमतरता असताना आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा वाढू शकते. गोंधळ, डोळे भिरभिरणं, फेंगडी चाल ही त्या इजेची लक्षणं पुलाखाली लोक ‘चढली आहे’ म्हणून सोडून देतात.

१२.१० — तो उठला. ‘जरा बाहेर जाऊन येतो.’ रुग्णालयाच्या दारातून बाहेर जाऊन येणारे परत येत नाहीत. अडवलं नाही, अडवायचा अधिकारही नाही. कार्यकर्ता बरोबर उठला आणि चालता चालता म्हणाला, ‘हेरॉइनची मोजणी करू, गोळीची वेळ झाली असेल.’ ओपिऑइड विड्रॉवलची मोजपट्टी, काऊज, अकरा लक्षणांची आणि ४८ गुणांची. सकाळी पुलाखाली ९ होती, आता १३, मध्यम.

घाई करण्यातला धोका समजून घ्यायला हवा. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांवर हेरॉइनपेक्षा घट्ट बसतं, पण अंमल अर्धवट देतं. हेरॉइन अजून तिथे असताना गोळी दिली तर ते सगळं एकदम ढकललं जातं आणि अर्ध्या-एक तासात भयंकर टर्की उसळते. एकदा तसं झालं की माणूस वर्षानुवर्षं ‘ती गोळी विष आहे’ असं सगळ्यांना सांगतो. म्हणून कमीत कमी बारा तास आणि दिसणारी लक्षणं, दोन्ही हवीत; मालात फेंटानिल (हेरॉइनहून कितीतरी तीव्र कृत्रिम ओपिऑइड) असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण ते शरीरातल्या चरबीत साठून हळूहळू सुटतं. इथे साडेचौदा तास झाले होते.

१२.३० — २ मिलिग्रॅम, जिभेखाली. डायझेपाम आधीच पोटात असल्याने सुरुवात लहान. तोंड कोरडं होतं, आधी पाण्याचा घोट. मग पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळलेली गोळी जवळजवळ वाया जाते. हेच कुणी समजावून न दिल्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ अशा तक्रारी येतात.

१.३० — जांभया थांबल्या. आणखी २ मिलिग्रॅम. श्वास आणि ऑक्सिजन दर पंधरा मिनिटांनी.

३.१० — बेड. पॅच आधी, फॉर्म नंतर.

वॉर्ड

पहिल्या दिवशी एकूण ८ मिलिग्रॅम, तिसऱ्या दिवशी १६. डायझेपाम सहा दिवसांत उतरवत बंद. तिसरा दिवस आधीपासून अधोरेखित होता. त्या दिवशी दुपारी कार्यकर्ता ठरवून गेला, मोबाइलवर कुत्रीचा त्या सकाळचा फोटो घेऊन. तो पिशवी भरून बसला होता. फोटो पाहिला, दोरी कुणी बदलली म्हणून चिडला, आणि चिडण्यात संध्याकाळ गेली.

आठव्या दिवशी वॉर्डात सूर निघाला: डिटॉक्स झालं, आता ब्युप्रेनॉर्फिनही बंद करून ‘साफ’ पाठवू. इथे पथकाने जोर लावला. औषधाविना बाहेर पडलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मात्रेची एक सुई जीव घेते, आणि हा धोका पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून औषध चालू ठेवायचं असतं. मेथाडोन या अशाच दुसऱ्या औषधाचा दीर्घकाळ वापर न्यू यॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वँडर यांनी १९६५ साली मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून आहेत. तरी ‘एका नशेच्या जागी दुसरी’ हे वाक्य पांढऱ्या कोटातूनही ऐकू येतं.

बाहेर पडल्यावर

सोडायचा दिवस शुक्रवार ठरला होता, तो मंगळवार करून घेतला. शुक्रवारी दुपारी सोडलेला माणूस शनिवार-रविवार बंद दारांच्या शहरात असतो, खिशात चिठ्ठी आणि औषध नाही. दिवस ८५, मंगळवार, हातात सात दिवसांचं औषध आणि नॅलोक्सोन.

जाणार कुठे हा खरा पेच. पहिल्या दोन निवासी केंद्रांनी ब्युप्रेनॉर्फिनवरचा माणूस घ्यायला नकार दिला. तिसऱ्याने घेतला, कुत्री नाही. आधी व्यसन सोड, मग घर, ही जुनी शिडी उलटी करून बघण्याचं काम न्यू यॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ साली सुरू केलं. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त लोकांवर ते तपासलं. आधी घर मिळालेले लोक घरात टिकून राहिले. व्यसन मात्र नुसत्या घराने फारसं हललं नाही. म्हणजे छप्पर आणि औषध, दोन्ही लागतात. इथे छप्पर मिळालं ते नऊ महिन्यांच्या मुदतीचं.

पाठपुराव्याला ‘क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन’चा साचा घेतला: नऊ महिने, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे, पहिल्यात घट्ट सोबत, दुसऱ्यात सैल, तिसऱ्यात काढता पाय. न्यू यॉर्कच्या एका निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या पुरुषांवरच्या १९९७ च्या अभ्यासात असा आधार मिळालेले दीड वर्षात सरासरी ३० रात्री बेघर होते, न मिळालेले ९१.

पाचव्या आठवड्यात तो तीन रात्री प्याला. केंद्राचा नियम बाहेर काढण्याचा होता. पथकाने बोलून ते टाळलं, आणि ब्युप्रेनॉर्फिन थांबवलं नाही. पिण्यामुळे ते थांबवलं की माणूस परत सुईकडे जातो. चार दिवस डोस रोज नर्ससमोर, पिऊन आला असेल तर काही तास थांबून. सुई तेव्हा घेतली नव्हती. दहाव्या आठवड्यात एकदा घेतली, दुसऱ्या दिवशी स्वतः सांगितली.

हेपॅटायटिस सीच्या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा कोर्स चौथ्या महिन्यात सुरू झाला. जखम दीड बाय एक. कुत्री अजून मावशींकडे, तो रोज दुपारी जातो आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत, कारण आठला दार लागतं. मुदत संपल्यावर कुठे, याचे अर्ज दोन ठिकाणी आहेत, त्यातल्या एकाच ठिकाणी प्राणी चालतात.

शेवटची नोंद दिवस २४८ ची, गुरुवार: ‘डोस १६. पाय धुतला, फोटो घेतला. शुक्रवारी औषध संपतंय आणि सोमवारी सुट्टी आहे, म्हणून मंगळवारपर्यंतचं आजच दिलं. मावशींकडे खाण्याची पिशवी पोचली नाही, उद्या सकाळी आधी ते.’